दहा मुलाखती, एकच गळा

आमच्या बिल्डिंगीतलं कुठलंही माणूस हवं असेल तर मला सांगायचं, मी काढून देतो. सेक्रेटरी काका हवेत? घसा खाकरायचा, “मेन्टेनन्स हा एक विषय आहे” म्हणायचं आणि पुढचं वाक्य विसरायचं, की आले काका. दुसऱ्या माळ्यावरच्या काकू? श्वास आत ओढत ओढत बोलायचं, जसं काही हवा संपत आलीय. ही कला माझी शाळेपासूनची. तालुक्याच्या शाळेत एकदा हेडमास्तरांची शिंक काढली म्हणून बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं, तर बाहेरून मी शिपायाच्या आवाजात ओरडलो, “बाई, पोराला आत घ्या, साहेब राउंडला निघालेत!” घेतलं ना आत.

दहावीनंतर आम्ही कोकणातून वसईकडे, चंदनसारला आलो. बाबा आधीपासून इकडेच नोकरीला, मग फ्लॅट झाला, मग आई आणि मी सामानासारखे मागून आलो. याला झाली सहा वर्षं. एवढ्यात माझं कॉलेज संपायला हवं होतं. पण मागच्या वर्षी एक विषय राहिला आणि वर्ष गेलं. तेव्हा बाबांनी जेवताना, भात कालवता कालवता, शांतपणे सांगितलं, “यंदा नापास झालास तर दुसऱ्या दिवसापासून नायगावला, मामाच्या गोडाऊनमध्ये.” मामाच्या गोडाऊनमध्ये खोके असतात आणि मामा असतो. खोक्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तर यंदा सगळं ठीक चाललं होतं, आणि मग आला प्रोजेक्ट. मॅडमनी विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. बाजूच्याला आलं ‘वसईतील फुलबाजार’. मला आलं ‘दोन स्थलांतरित समाजांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीची तुलना’. चिठ्ठी एवढीशी आणि विषय एवढा, मला वाटलं दोघातिघांच्या चिठ्ठ्या चिकटल्यात.

“मॅडम, कुठले दोन घेऊ?”

“राहतोस कुठे?”

“चंदनसार.”

“मग लांब कशाला जातोस? एक उत्तरेकडून आलेले. आणि एक तुम्ही.”

“आम्ही कोण?”

“कोकणातून आलेले.”

“पण मॅडम, आम्ही तर मराठी...”

“मी कुठे नाही म्हटलं? पण आलात ना?”

वर्ग हसत सुटला. मॅडम इथल्याच, वसईजवळच्या उमेळ्याच्या, बापजाद्यांपासून वाडीवाल्या. केळी, फुलं, विहीर, सगळं. आता वाडीच्या दोन्ही अंगांना टॉवर उठलेत आणि मॅडम म्हणतात, “आमच्याकडे सकाळी आता कोंबडा नाही, लिफ्ट बोलते.” त्यांच्या हिशोबात बाहेरचे म्हणजे सगळेच बाहेरचे, त्यात डावं-उजवं नाही. प्रत्येक समाजाच्या पाच मुलाखती, फोनवर रेकॉर्ड करायच्या, सोबत फॉर्म भरायचे. मुदत पंधरा दिवस.

घरी जाऊन मी आईला सांगितलं की आपण स्थलांतरित आहोत. ती तांदूळ निवडत होती. तांदूळ तसाच राहिला.

“कोनी सांगल्यान?”

“मॅडमनी.”

“तुझ्या मॅडमाक सांग, आमी गाव सोडूक नाय. घराक कुलूप लावन इलंव.” आणि तिने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून गावच्या घराची चावी काढून माझ्या नाकासमोर धरली. “सोडून इलेल्यांकडे चावी आसता काय रे, मेल्या?”

हे मी तेव्हाच रेकॉर्ड करायला हवं होतं. पण मी काय केलं, तर चौदा दिवस विषयावर विचार केला. म्हणजे नाही केला. पंधराव्या दिवशी दुपारी आई बाजारात गेली आणि माझ्या डोक्यात असा काही उजेड पडला की मीच माझ्यावर खूश झालो. दहा माणसं शोधायची, त्यांच्या वेळा घ्यायच्या, चहा प्यायचा, कशाला? सगळी तर माझ्याकडे आहेत. गळ्यात.

कपाट उघडलं, साड्यांमध्ये तोंड घातलं म्हणजे आवाज घुमत नाही, आणि सुरू झालो. सेक्रेटरी काका झाले, काकू झाल्या, बाबा झाले. बाबांच्या आवाजात म्हटलं, “तसं उत्तम चाललंय. नोकरी कायम, घर स्वतःचं.” आमच्या समाजाला मी पैकीच्या पैकी मार्क दिले, घरचीच परीक्षा. मग उत्तरेकडचे घेतले: भाजीवाला, रिक्षावाला, दूधवाला, गाद्या भरणारा, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात भारी, चाची.

चाची म्हणजे आमची इस्त्रीवाली. गेटजवळ मीटरच्या खोलीला टेकून तिचं टेबल आहे, कोळशाची इस्त्री, वर निळी ताडपत्री. चाचा सायकलवर कपड्यांची गाठोडी घेऊन फिरतो, पूल चढून पार बोळिंजपर्यंत. येता-जाता सहा वर्षं मी तिला “क्या चाची, कैसी हो?” म्हणतोय आणि ती “जिंदा हूँ बेटा, तू पास हुआ क्या?” म्हणतेय. तिचा आवाज खरखरीत, जाड, वाक्याच्या शेवटी एक ‘हँ’. तो ‘हँ’ मला असा काही सापडला होता की मी वाहवत गेलो. पोळीच्या डब्यावर झाकण आपटून इस्त्रीचा आवाज काढला, आईच्या साडीचा पदर तोंडाला लावला आणि चाचीला रडवलं. “क्या बताऊँ बेटा, गाँव छूट गया, अपनी मिट्टी छूट गई, हँ.” शेवटी नाक ओढलं. स्वतःच्याच अंगावर काटा आला माझ्या. फॉर्मवर खुणा केल्या: घर, भाड्याचं. छप्पर, पत्र्याचं. सर्वांत मोठी इच्छा, गावाला परत जाणं. दीड तासात दोन्ही समाज संपवून मी आंघोळीला गेलो.

चार दिवसांनी मॅडमनी बोलावलं. मला वाटलं, संपलं, खोके. पण मॅडमचे डोळे वेगळेच.

“ही इस्त्रीवाली बाई कोण आहे? मी दोनदा ऐकलं.”

“आमच्या गेटवरची, मॅडम.”

“मला भेटायचंय हिला. रविवारी येते, स्कूटरवर. प्रश्न मी विचारीन, तू नुसतं उभं राहायचं.” मग फॉर्म चाळत म्हणाल्या, “तुझ्या मार्कांचं रविवारीच ठरवू. एवढं छान काम तू करशील असं वाटलं नव्हतं.”

यातलं शेवटचं वाक्य मला दोन्ही बाजूंनी टोचलं.

कॉलेजमधून मी सरळ टेबलापाशी गेलो. चाची कुणाच्या तरी पँटीवर पाणी शिंपडत होती. मी सगळं सांगितलं, कपाटापासून. तिने इस्त्री उभी ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, “सुना.”

फोन तिच्या कानाशी धरला. ती ऐकत होती आणि मी तिच्या भुवया बघत होतो. ‘हँ’ आला तेव्हा एक भुवई वर गेली. डब्याचं झाकण वाजलं तेव्हा तिने वळून आपल्या इस्त्रीकडे पाहिलं. मिट्टी छूट गई म्हणताच ती टेबलाला धरून खाली बसली. मला वाटलं, दुखावली. बघतो तर हसत होती, आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी.

“ये औरत रो क्यों रही है? कौन मर गया इसका?”

“चाची, प्लीज. संडे को बस यही बोल देना. थोडा रोना. नाही तर मी मेलो.”

“आने दे मैडम को,” एवढंच म्हणाली आणि पँट पुन्हा हाती घेतली. ना हो, ना नाही. मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव कळली नाही.

रविवारी सकाळी मॅडम आल्या, स्कूटर लावली, डोक्याचा रुमाल सोडला. चाचीने एक उलटा क्रेट पुसून पुढे सरकवला. मी मधे उभा, गोलकीपरसारखा. मॅडम म्हणाल्या, “नमस्ते जी.” आणि चाची म्हणाली,

“बसा मॅडम. पानी देऊ? लय लांबशी आल्या, उनाच्या.”

मी चाचीकडे बघितलं. मॅडमनी चाचीकडे बघितलं. मग मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मराठी! आणि आमच्यासारखी टीव्ही बघून झालेली मराठी नाही, गावातली, चंदनसारच्या जुन्या भातशेतीवाल्यांची, ‘पानी’वाली. सहा वर्षांत मी तिच्याशी कधी मराठीत सुरुवातच केली नव्हती. मी हिंदीत विचारायचो, ती हिंदीत द्यायची. गावातल्या बायका तिच्या टेबलाशी उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या, तेव्हाही मी कानात इअरफोन घालून बाजूने गेलो असणार. आणि म्हणे नकलाकार!

मॅडम हळूच म्हणाल्या, “अहो, पण टेपवर तुम्ही हिंदीत बोलत होता ना?”

चाचीने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, मॅडमना दिसणार नाहीत असे, पोटाशी. चाचीने पदर तोंडाला लावला, मान खाली घातली, आणि सुरू केलं, “क्या बताऊँ मैडम, गाँव छूट गया, अपनी मिट्टी छूट गई, हँ.” मीच! हुबेहूब मी! तिची नक्कल करणारा मी! शेवटी मी जोडलेलं नाक ओढणंसुद्धा तिने सोडलं नाही, आणि वर इस्त्री उचलून टेबलावर पोळीच्या डब्यासारखी आपटली. मग पदर खाली घेतला आणि साध्या आवाजात म्हणाली, “असीच बोलते ना मी? ह्यो म्हनतो.”

मॅडमनी रुमाल तोंडावर धरला. खांदे हलत होते. रागाने की हसून, रुमालामुळे कळेना.

“आणि बाकीचे नऊ जण?” रुमालाआडून प्रश्न आला.

“ते पण घरीच होते, मॅडम.”

“कुणाच्या?”

“आमच्या. कपाटात.”

रुमाल खाली आला. मॅडम हसत होत्या, पण हसणं लगेच घडी करून पर्समध्ये ठेवल्यासारखं संपवलं. “हे नापास आहे,” त्या म्हणाल्या. “तुला कळतंय ना?”

मला नायगाव दिसायला लागलं. मामाही दिसला.

तेवढ्यात चाचीने विचारलं, “मॅडम, पन तुमाला पायजे काय व्हतं?”

“मला हे हवं होतं,” मॅडम म्हणाल्या, “की या भागात कोकणातले लोक कसे राहतात, तुमच्याकडचे कसे राहतात. काम, घर, पैसा. कुणाचं काय चाललंय.”

“मग मला इचारा ना! ह्याला काय म्हाईत?” तिने गाठोडं ओढलं आणि सोडलं. “नाव नाय सांगनार कोनाचा. कपडा सांगते.”

आणि बाई सुटली. एक पांढरा शर्ट उचलला. हा ऑफिसचा, कॉलर आतून झिजलेली, उलटून शिवलीय. अशा कॉलरी कोकणवाल्यांच्या जास्त, कारण त्यांना रोज शर्ट लागतो, नवा घ्यायचा तर आधी घराचा हप्ता. तिच्या लोकांचे रोजचे शर्ट येतच नाहीत, ते अंगमेहनतीवाले, त्यांना कोण विचारतं कॉलर कशी आहे. त्यांचे कपडे वर्षातनं दोनदा येतात, लग्नाला आणि छठला, पण येतात तेव्हा अख्ख्या घराचे येतात. कोकणवाल्यांचे गणपतीआधी. पडदे इस्त्रीला आले की समजायचं पाहुणे येणार, मुलगी दाखवायची. कुणाचे पाच शर्ट यायचे ते बंद होऊन टी-शर्ट दिसायला लागले की समजायचं कंपनी सुटली, आता पोरगा बाइकवर पार्सलं पोचवतो. “टी-शर्टला कोन इस्त्री करतं मॅडम? मंग मी पन इचारत नाय.”

मॅडमनी वही काढली होती. कधी काढली ते मला दिसलंच नाही.

“एक घर हाय,” चाची बोलत होती, हात चालूच. “कोकनवालं. आठवड्याला सहा शर्ट यायचे. दिवालीपासून तीनच येतात. बाकीचे तीन ती बाई घरी करते, दुपारची. मी म्हनले नाय कधी काय.”

सहा शर्ट. दुपारची. आईला दुपारी करमत नाही म्हणून ती इस्त्री करत बसते, असं मला वाटायचं. मी तर एकदा तिची इस्त्री करतानाची नक्कलही केली होती, जेवताना, आणि बाबा हसले होते. नीट आठवलं तर फारसे नव्हते हसले.

मॅडमनी विचारलं, “आणि तुमचं घर? भाड्याचं ना?”

“भाड्याचा? माजा हाय! आमी आलो तवा हिथं सगली भातशेती व्हती. गावातल्या एका म्हातारीच्या पडवीत ऱ्हायलो. तिनंच भात लावायला शिकवला, बोलायला शिकवला, मासे साफ करायला पन शिकवला. आमच्यात मासे कोनी खात नाय, तरी शिकवला! मग चाळीत खोली घेतली. मग वर अजून एक बांधली, ती भाड्याला दिली.” इथे ती थांबली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. “भाडोत्री कोकनातले हायेत. ह्याच्याच तिकडचे. लय टापटीप. पन पंधरा दिवस गनपतीला जातात आनी पानी भरायला मला सांगतात.”

“कागद आहेत खोलीचे?”

“कागद नाय. पन कर्ज पन नाय.”

“आणि गावी परत जायचंय?”

“कुठं? तिकडचा दिरांनी घेतला. आमचा काय ता हिथंच.” मग तिला काही तरी आठवलं. “तुमी कुठल्या, मॅडम?”

“उमेळ्याची.”

“मंग तुमी पन बाहेरच्याच! चंदनसारच्या नाय ना?”

मॅडम क्रेटवरून पडायच्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तरी त्यांना बाहेरची म्हटलं होतं, आणि तेही पाणी पाजून.

जाताना स्कूटरला किक मारायच्या आधी त्यांनी मला निकाल दिला. “आठ दिवस. दहाच्या दहा पुन्हा. खऱ्या माणसांच्या, त्यांच्या त्यांच्या बोलीत. पहिली हिची. एक जरी कपाटातली निघाली तर वर्ष गेलं.”

ते आठ दिवस मी जेवढा फिरलो तेवढा सहा वर्षांत फिरलो नव्हतो. चाचीची अट होती, हात रिकामे ठेवून प्रश्न विचारायचे नाहीत. तिने मला उशांचे अभ्रे दिले. मी विचारायचो आणि इस्त्री फिरवायचो, चुकत चुकत मराठीत, कारण तिच्याशी जिभेवर सवयीने हिंदीच यायची. एक अभ्रा जाळला. तो सेक्रेटरी काकांचा निघाला. काकांनी मुलाखतीत त्यावरच दहा मिनिटं घेतली, आणि मजा म्हणजे एकही वाक्य विसरले नाहीत. माझी त्यांची नक्कल तिथेच जुनी झाली. भाजीवाल्याकडे दोन मोबाइल निघाले आणि एक कविता. रिक्षावाला म्हणाला, मुलगी आमच्याच कॉलेजात आहे, तुमच्यापेक्षा एक वर्ष पुढे. हे त्याने जरा जोरात सांगितलं.

आईची घेतली तेव्हा मी औपचारिक आवाजात विचारलं, “घर स्वतःचं?”

“होय तर. कागद आसत.”

“कुठे आहेत?”

“बँकेत,” आई म्हणाली आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसत सुटली. चाचीचं ‘कागद नाय, कर्ज पन नाय’ मी तिला ऐकवलं तर म्हणाली, “शाना बायलमानूस आसा ता.” दुसऱ्या दिवशी तिने खाली जाऊन चाचीला चार आमसुलं दिली आणि दोघी माझ्याबद्दल बोलल्या. काय बोलल्या ते रेकॉर्ड करू दिलं नाही.

बाबांची सगळ्यात शेवटी. मी फोन टेबलावर ठेवला आणि फॉर्ममधला प्रश्न वाचला, “नोकरीचं स्वरूप?” बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि फोनलाच सांगितलं, “तीन दिवस कामावर, तीन दिवस शर्ट घालून नुसताच बाहेर. पगार त्या मानाने. दिवाळीपासून.” मग मला म्हणाले, “हे आईला माहीत आहे. तुला सांगणार होतो, रिझल्ट लागल्यावर.” मी मान हलवली. पुढचा प्रश्न होता छप्पर कसलं, तो दोघांनाही बरा वाटला.

दहा फायली दिल्या. तोंडी परीक्षेत मॅडमनी अधूनमधून ऐकल्या, काही विचारलं, काही नाही. मग म्हणाल्या, “ही अकरावी फाइल कसली?”

मला माहीतच नव्हती. त्यांनी लावली. मागे इस्त्रीचा आवाज, खरा, आणि त्यावर माझाच आवाज: “हां चाची, मतलब म्हंजे, तुमचं घर, आपका घर, च्यायला जळलं, जळलं!” मी म्हटलं, “मॅडम, हा मी नाही.” मॅडम म्हणाल्या, “मला कळलं.” मी जळका अभ्रा घेऊन नळाकडे पळालो तेव्हा फोन टेबलावरच होता. चाचीने त्यात मला काढलं होतं, हुबेहूब. घाईघाईत शब्द गिळतो तेसुद्धा. मी इतकं गिळतो?

पास झालो. काठावर नाही, काठाच्या जरा आत. कॉलेजमधून धावतच आलो. चाची टेबलावर कपड्यांचा ढीग रचत होती. मी गेटातूनच ओरडलो, चांगल्या मराठीत, ‘पानी’वाल्या मराठीत, तिच्याच चालीत,

“चाची, आपुन पास झालो गो!”

तिने मान वर केली, इस्त्री उभी ठेवली, आणि सहा वर्षांच्या त्याच जुन्या हिंदीत विचारलं,

“कौन पास हुआ? तू, कि मैं? हँ?”